घोटा घट्ट ठेव

दुबईच्या करामा भागातल्या त्या मैदानावर इतकी वर्षं खेळून ह्यांनी गोल मारले असतील ते दोन-तीन. तरीही शुक्रवारी सकाळी टीम पाडताना पहिलं बोट ह्यांच्याकडे जायचं. मला सुरुवातीला त्याचं नवल वाटायचं. लग्न होऊन मी दुबईला आले, ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. फुटबॉलमधलं मला गोल सोडून काहीच कळत नव्हतं. आपला नवरा गोल मारत नाही याची मला थोडी लाजच वाटायची.

"एकदा तरी मारा की गोल," मी एका शुक्रवारी म्हटलं.

"मारणारे खूप आहेत," हे बुटातली वाळू झटकत म्हणाले. "त्यांच्या पायापर्यंत बॉल न्यायला कोण नाही. ते काम माझं."

हे कोल्हापूरचे. कॉलेजात असताना पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळलेले. त्या गावात फुटबॉल म्हणजे काय, हे मला सांगलीकरणीला लग्नानंतर कळलं. सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं ह्यांच्या नोकरीबद्दल एक प्रश्न विचारायची आणि दहा प्रश्न "तिकडं खेळतोस का" याचे. डिप्लोमा करून हे दुबईत एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागले. येताना बॅगेत कपड्यांच्या आधी बूट भरले होते, असं सासूबाई अजून सांगतात.

आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. कडक, दाबून बसलेली वाळू, मधेमधे खडे. कडेला लोक गाड्या लावायचे. गोल म्हणून पाण्याचे मोठे कॅन ठेवायचे. शुक्रवारी उजाडलं की माणसं जमायची. गोलात उभा राहायचा तो केरळचा एक टायपिस्ट. पुढे खेळायचा सुदानचा एक उंच, सडपातळ माणूस. तो शाळेत अरबी शिकवायचा. बाकीचे येत-जात असायचे, व्हिसा संपला की दिसेनासे व्हायचे. ते दोघं आणि हे मात्र कायम. मी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की ह्यांच्या पायातून बॉल सुटला की पुढच्या माणसाला थांबावं लागत नाही. तो पळतच असतो आणि बॉल आपणहून त्याच्या पायाशी येतो. गोलकीपर मला जिन्यात भेटला की म्हणायचा, "भाभी, भाई का पास आँख बंद करके भी ले सकते हैं."

आमची मुलगी दुबईतच जन्मली. आठ-नऊ वर्षांची असताना तिने बाबांबरोबर खेळायचा हट्ट धरला. गुरुवारी ह्यांचं ऑफिस दुपारी सुटायचं. ऊन उतरलं की दोघं मैदानात जायची. मला वाटलं होतं, हे तिला पळायला, गोल मारायला शिकवतील. पण पहिले कितीतरी गुरुवार ह्यांनी तिला फक्त उभं राहून पास द्यायला लावला.

"टेकलेला पाय बॉलच्या शेजारी. मागं नाही, पुढं नाही, शेजारी. त्याची बोटं जिकडं पास द्यायचा तिकडं. दुसऱ्या पायाची आतली बाजू. बोटं जरा वर, टाच खाली. आणि घोटा घट्ट ठेव. घोटा ढिला पडला की बॉल मेला."

"ओके, ओके, लॉक द अँकल," ती म्हणायची. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या वयाची करामातली सगळीच मुलं तशी.

"आणि मारून पाय लगेच मागं घेऊ नको. बॉलच्या मागं जाऊ दे त्याला."

वाळूत बॉल लवकर थांबतो, म्हणून थोडा जोर जास्त. खडा लागून उडतो, म्हणून घेणाऱ्याने अंगाने तयार राहायचं. बॉल येण्याआधी एकदा मान वळवून मागे बघायचं, म्हणजे आल्यावर विचार करावा लागत नाही. समोरचा डावखुरा असेल तर त्याच्या डाव्या पायावर द्यायचा. तो पळत असेल तर तो आत्ता आहे तिथे द्यायचा नाही, पोचणार आहे तिथे द्यायचा. हे सगळं मी चहाचा थर्मास घेऊन कडेला बसून ऐकायची. लेकीला यायला लागलं. वर्षभरात दोघं दूर उभी राहून एकमेकांना न थांबवता बॉल द्यायची, एका स्पर्शात, आणि त्या आवाजाला एक ठेका यायचा. गाडी काढायला आलेले लोक चावी हातात घेऊन बघत उभे राहायचे.

ह्यांची चप्पल जिन्यात राहिली, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. आम्ही खाली निघालो होतो, किराणा आणायला. खालच्या मजल्यावर पोचलो आणि मी बघितलं तर ह्यांचा उजवा पाय अनवाणी. चप्पल वरच्या पायरीवर पडलेली.

"अहो, चप्पल!"

हे पायाकडे बघत राहिले. "सुटली वाटतं. कळलंच नाही," म्हणाले. आम्ही हसलो. नवीन चप्पल घेतली, पट्ट्याची.

मग शुक्रवारी मैदानावर ह्यांचे पास आखूड पडायला लागले. मी खिडकीतून बघत होते. सुदानी माणूस पुढे धावला, बॉल त्याच्या मागेच थांबला. पुन्हा तसंच. तो कमरेवर हात ठेवून ह्यांच्याकडे वळला. "हबीबी, नाश्ता केला नाहीस का?" असं काहीतरी तो इंग्रजीत ओरडला आणि सगळे हसले. ह्यांनीही हात वर करून माफी मागितली. घरी आल्यावर म्हणाले, "वय झालं. चाळिशी आली."

लेकीला मात्र वयाबियाचं काही पटलं नाही. पुढच्या गुरुवारी दोघं खेळत होती. मी नेहमीसारखी कडेला. ह्यांचा पास आला तो वाकडा, गाड्यांकडे. ती पळत गेली, बॉल घेऊन आली. पुन्हा तसाच. तिसऱ्या वेळी तिने बॉल पायाखाली दाबला आणि जवळ येऊन ह्यांच्या उजव्या पायाकडे बघायला लागली.

"बाबा, युअर अँकल. इट्स नॉट लॉक्ड."

"लॉक केलाय की."

"नो, बाबा. लुक." ती खाली वाकली आणि तिने ह्यांच्या बुटाचं टोक हाताने वर उचललं. "कीप इट लाइक धिस." तिने हात काढला. पाय खाली पडला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा पडला. ती हसत होती, तिला वाटलं बाबा मुद्दाम करताहेत, आपल्याला चिडवताहेत. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ह्यांच्या कपाळावर घाम होता आणि हे खरोखर जोर लावत होते.

"आज बास," हे म्हणाले. "पुढच्या गुरुवारी."

आधी मणक्याचं काहीतरी असेल असं डॉक्टर म्हणाले. गाडीत बसून बसून, ड्रॉइंग बोर्डवर वाकून वाकून होतं तसं. शेक, व्यायाम, पट्टा. काही महिने त्यात गेले. पाय सुधारला नाही, उलट पोटरी बारीक झाली. मांडीच्या कातडीखाली स्नायू आपोआप थडथड उडायचे. रात्री पांघरूण बाजूला करून आम्ही दोघं ते बघत बसायचो. मग हातात पेन धरायला त्रास व्हायला लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात आलो तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी सुया टोचून नसांची तपासणी केली. त्यांनी आम्हाला समोर बसवलं, दार लावून घेतलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात, असा हा आजार. आधी हात-पाय, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. औषध नाही.

ह्यांनी एकच प्रश्न विचारला. "कशामुळं झालं? खेळण्यामुळं?"

"नाही. तसं काही सांगता येत नाही. तुमची काही चूक नाही."

बाहेर पडल्यावर आम्ही रसवंतीत बसलो. समोर दोन ग्लास आले. हे ग्लासकडे बघत म्हणाले, "एवढ्यात तिला सांगायचं नाही." मी मान हलवली.  आम्ही रस तसाच ठेवून उठलो.

दुबईला परत आल्यावर ऑफिसने ह्यांना सांभाळून घेतलं, हे मला सांगायलाच हवं. ड्रॉइंग जमेना तेव्हा तपासायला बसवलं. शुक्रवारी हे काठी घेऊन खाली जायचे. मैदानावरच्यांनी एक फोल्डिंग खुर्ची आणली आणि ह्यांना कोच केलं. गोलकीपर ह्यांना धरून जिन्यातून उतरवायचा, खुर्चीत बसवायचा, मग आपले हातमोजे घालायचा. हे खुर्चीतून ओरडायचे. "डावीकडं बघ! आधी बघ, मग घे!" मराठीतच. सुदानी माणसाला त्यातला एक शब्द कळत नसे, पण तो डावीकडे बघायचा.

गुरुवारचा प्रश्न होता. लेक बॉल घेऊन जायची, पण परत द्यायला कोणी नव्हतं. बिल्डिंगच्या भिंतीवर मारायला लागली तर वॉचमन ओरडला. एका गुरुवारी हे मला म्हणाले, "तू उभी राहा."

"मी?"

"तूच. बूट घाल माझे. आत दोन मोजे घाल."

मी पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचे बूट घालून मैदानात उतरले. बाल्कनीतून बायका बघत होत्या. माझ्या शेजारणीने मला हाक मारून काय चाललंय विचारलं आणि मी ऐकलं नाही असं दाखवलं. लेकीचा पास आला, माझ्या नडगीला लागून भलतीकडेच गेला. पुढचा पायाखालून गेला. मी मारलेला बॉल हवेत उडायचा नाहीतर चार पावलांवर थांबायचा.

"बोटाने मारू नको," हे खुर्चीतून म्हणायचे. त्यांची जीभ आता जरा जड झाली होती. "आतली बाजू. गुडघा बाहेर फिरव. हां. आता टेकलेला पाय बघ, कुठं ठेवलास?"

आठवडे गेले. मला थोडंफार जमायला लागलं. पण एका गुरुवारी माझं डोकंच फिरलं. सकाळपासून ह्यांना अंघोळ, कपडे, घास बारीक करून भरवणं, शाळा, धुणं, सगळं करून मी खाली आले होते, आणि हे पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. घोटा. घोटा. घोटा.

"मला नाही जमत!" मी ओरडले. "कशाला मला शिकवताय? काय करायचंय मला हे शिकून? ती खेळेल शाळेत तिच्या मैत्रिणींबरोबर!"

 हे एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मी नसेन. तेव्हा तिला बॉल परत कोण देणार?"

आम्ही दोघांनी एकदमच लेकीकडे बघितलं. ती काही दूर नव्हती. बॉलवर पाय ठेवून उभी होती. आम्ही इतके महिने जे कपाटात औषधांच्या मागे लपवल्यासारखं लपवलं होतं, ते आता त्या वाळूवर पडलं होतं.

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "आय नो सिन्स समर. आजीच्या घरी ऐकलं मी."

शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं. मग तिने बॉल ह्यांच्याकडे दिला, हळू, अगदी बुटाच्या आतल्या बाजूला येऊन टेकेल असा. ह्यांचा पाय हलला नाही. ती चालत गेली, बॉल उचलला, मागे आली आणि माझ्याकडे पास दिला. "कम ऑन, आई," म्हणाली. मी डोळे पुसायला हात वर केला आणि बॉल माझ्या पायाजवळून निघून गेला. मी तो आणायला गाड्यांकडे गेले. एका गाडीमागे वाकून मी तोंडात ओढणी कोंबून रडले, आणि मग बॉल घेऊन आले. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो.

पुढच्या वर्षी आम्ही दुबई सोडली. हे कामावर जाऊ शकत नव्हते आणि काम नाही तर व्हिसा नाही. निघायच्या आधीच्या शुक्रवारी मैदानावरचे सगळे घरी आले. कोणी खजूर आणले, कोणी केक. सुदानी माणूस ह्यांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि ह्यांचा पाय मांडीवर घेऊन चोळत राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ह्यांना आता नीट बोलता येत नव्हतं, जे बोलायचे ते फक्त मला आणि लेकीला कळायचं. हे काहीतरी म्हणाले. तो माझ्याकडे बघायला लागला.

"ते विचारताहेत, आता तुम्हाला बॉल कोण देणार," मी हिंदीत सांगितलं. गोलकीपरने त्याला ते अरबीत कसंबसं समजावलं.

तो म्हणाला, "कोणी नाही. आता मला मागे येऊन स्वतः घ्यावा लागेल." सगळे हसले. हेही हसले. हसताना ह्यांना श्वास पुरत नव्हता, म्हणून मी पाठीवर हात ठेवला.

कोल्हापुरात तालमीच्या मित्रांनी ह्यांना एकटं पडू दिलं नाही. मोसम सुरू झाला तेव्हा एका मॅचला ह्यांना खुर्चीसकट उचलून स्टेडियममध्ये नेलं. मी आणि लेक बरोबर होतो. भोवती ढोल, आरडाओरडा, गुलाल. ह्यांची मान आता पट्ट्याने धरलेली होती, हलायचे ते फक्त डोळे. मी मॅच न बघता ह्यांच्याकडेच बघत होते. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की ह्यांचे डोळे बॉलच्या मागे जात नाहीत. बॉल एका पायात असतानाच हे भलत्याच बाजूला, रिकाम्या जागेकडे बघायचे. कधी पुढच्या क्षणी बॉल तिथे जायचा. बहुतेक वेळा जायचा नाही, आणि मग हे डोळे मिटून घ्यायचे.

मोसम संपायच्या आत हे गेले. सकाळी, झोपेत. मी शेजारीच होते, मला कळलं नाही.

लेक रडली नाही. पाहुणे आले, गेले, तेराव्याचं झालं, तरी नाही. तिची शाळा सुरू झाली. मी तिला एकदा म्हटलं, "मागच्या अंगणात खेळू या का?" ती म्हणाली, "नको." त्या नवीन शाळेत मुली फुटबॉल खेळत नव्हत्या. मुलांनी तिला घेतलं असतं की नाही माहीत नाही, तिने विचारलं नाही. मी रेटलं नाही. मला शिकवलेलं काम माझ्याकडून झालं नाही, एवढं मात्र मनात टोचत राहिलं आणि अजून टोचतं.

काही महिन्यांनी एका दुपारी फोन वाजला. सुदानी माणूस होता. गोलकीपरकडून नंबर घेतला म्हणाला. येत होते तेवढ्या चार हिंदी शब्दांत त्याने माझं, सासूबाईंचं विचारलं. मग म्हणाला, "सिस्टर, ग्राउंड खलास." आमच्या बिल्डिंगमागच्या प्लॉटला पत्रे ठोकले होते, खोदकाम सुरू झालं होतं. ते लोक आता कुठे खेळत नाहीत. दोघं-तिघं देश सोडून गेले.  मी फोन लेकीकडे दिला.

ती इंग्रजीत बोलत होती. आधी नुसतं हो-नाही. मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "नो अंकल, आय डोन्ट प्ले एनीमोअर." पलीकडून तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. मी नंतरही विचारलं नाही. तिने फोन खाली ठेवला, तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केसांतून हात फिरवत राहिले. ती थांबायची आणि पुन्हा हुंदका यायचा. उन्हं खिडकीतून सरकत दारापर्यंत गेली. सासूबाई आतून आल्या, आमच्याकडे बघून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि चहा टाकायला परत आत गेल्या.